इंजिनाचा ढेकर

मंठ्यात वाटूर रोडला असो की जिंतूर रोडला, दुचाकीच्या कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभे राहिलात तर हे वाक्य कानावर पडतंच: "मिस्तरी, गाडी ऑइल मारायली." मिस्तरी साइड पॅनल काढतो, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडतो. आत फिल्टर तेलाने काळा, ओला झालेला असतो. मग दोन रस्ते असतात. एक म्हणजे इंजिन उघडायचं, रिंगा बदलायच्या, गरज पडली तर ब्लॉक बोअरला पाठवायचा. यात दोन-तीन दिवस आणि काही हजार रुपये जातात. दुसरा रस्ता म्हणजे इंजिनातून त्या डब्यात जाणारी बोटभर जाडीची रबरी नळी उपसायची आणि इंजिनाखाली मोकळी सोडून द्यायची. त्याला लागतात दहा मिनिटं. फिल्टर कोरडा राहतो, गिऱ्हाईक खूश.

या नळीला गॅरेजमध्ये ब्रीदर म्हणतात. श्वास घेणारी. खरं तर ती श्वास कमी घेते आणि ढेकर जास्त देते.

हा ढेकर येतो कुठून? सिलिंडरमध्ये स्फोट झाला की पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनला रिंगा असतात, पण कितीही चांगल्या रिंगा असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्ल बनवणारे वायू असतात. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या. पिस्टन खाली आला की खालची हवा दाबली जाते, वर गेला की जागा मोकळी होते. मिनिटाला हजारो वेळा हे घडतं. या हवेला वाट दिली नाही तर ती स्वतःची वाट काढते. बिचारं ऑइल सील उखडतं आणि पुढच्या चेन चकलीपाशी तेल ओघळायला लागतं. नळीच्या तोंडात बोल्ट ठोकून ती बंद करणारेही महाभाग असतात, त्यांच्या गाडीचं हेच होतं.

म्हणजे वाट हवीच. प्रश्न इतकाच की ती वाट कुठे उघडावी. रस्त्यावर की परत इंजिनात? गेल्या साठेक वर्षांचा या नळीचा इतिहास म्हणजे याच एका प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते उत्तर गॅरेजमध्ये कुणी दिलेलं नाही.

आधीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण त्यांच्या गाडीला ही नळीच नव्हती. राजदूत, किनेटिकची १९७२ साली आलेली लुना, बजाजची एम-८०, पुढे १९८५ पासून यामाहाची आरएक्स १००, आणि अर्थात चेतक. सगळ्या टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे तेल साठवायची जागा नसते, तो पेट्रोल-हवेचा जाण्याचा रस्ताच असतो. कार्बोरेटरमधून मिश्रण आधी तिथे येतं, पिस्टनच्या दाबाने वर सिलिंडरमध्ये जातं, आणि सोबत टू-टी ऑइलही जळतं. खाली गळालेला वायू पुढच्या फेऱ्यात आपोआप वर. स्वतंत्र श्वासनलिकेची गरजच नाही.

त्या इंजिनाचा दोष वेगळा होता आणि मोठा होता. जळलेला वायू बाहेर पडत असतानाच ताजं मिश्रण आत येतं, त्यातलं बरंचसं न जळता तसंच सायलेन्सरमधून निघून जातं. पेट्रोलचा पैसा देऊन आपण हवेत पेट्रोल शिंपडत होतो, वरून जळक्या तेलाचा निळा धूर. पण मिस्तरीच्या दृष्टीने ते इंजिन म्हणजे उघडं पुस्तक. ना वॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट, ना टायमिंग चेन. सायलेन्सर खोलून कार्बन जाळायचा, पोर्ट घासायचे, गाडी पळायला लागायची. 'जे काढलं त्याने गाडी हलकी झाली, मोकळी झाली' हा जो विश्वास आजही आपल्या गॅरेजांत आहे, तो या टू-स्ट्रोकच्या काळात तयार झालेला आहे. तिथे तो बऱ्याच अंशी खराही होता. इंजिन बदललं, विश्वास तोच राहिला.

फोर-स्ट्रोकवाल्यांमध्ये तेव्हा गावात दिसायची ती बुलेट. मद्रासमध्ये १९५५ पासून जोडली जाणारी ती गाडी ब्रीदरच्या बाबतीत फारच उदार होती. बदकाच्या चोचीसारखी चपटी रबरी तोटी, जी हवा बाहेर सोडते पण आत घेत नाही. त्यातून तेलाचे थेंब बाहेर. बुलेट उभी केली की खाली डाग पडणारच, नाही पडला तर तेल संपलं असेल, हा विनोद त्यातूनच. जुन्या बुलेटवाल्यांनी या नळीवर जितके प्रयोग केले तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या भागावर केले असतील.

ही नळी बंद डब्यात परत नेण्याचा कायदा मात्र मोटरसायकलींमुळे आला नाही आणि भारतातही आला नाही. तो आला लॉस एंजेलिसमध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं, तपकिरी धुकं बसायला लागलं. लोकांना वाटलं कारखान्यांचं असेल. कॅल्टेकमध्ये आरी हागेन-श्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. ते अननसाच्या वासावर काम करत होते, म्हणजे हवेतली अगदी सूक्ष्म रसायनं पकडण्यात तरबेज. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की मोटारींमधून निघणारं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांवर क्रिया करतात, आणि त्यातून ओझोन तयार होतो. मोटार कंपन्यांना ते अजिबात रुचलं नाही.

मग हिशेब सुरू झाला की मोटारीतून हे न जळलेलं इंधन नेमकं कुठून बाहेर पडतं. बहुतांश सायलेन्सरमधून, काही टाकी आणि कार्बोरेटरमधून उडून. पण सुमारे पाचवा हिस्सा चक्क क्रँककेसच्या नळीतून येत होता! तेव्हाच्या मोटारींना खाली रस्त्याकडे तोंड असलेली एक साधी नळी असायची. गाडी धावली की वाऱ्याने त्यातला वायू खेचला जायचा. थेट रस्त्यावर. आपल्या मिस्तरीने दहा मिनिटांत केलेलं काम म्हणजे त्या काळातलं कंपनी फिटिंगच म्हणायचं.

या पाचव्या हिश्शाला थांबवणं सगळ्यात सोपं होतं. नळी वळवून इंजिनाच्या हवेच्या वाटेत जोडायची, मध्ये एक छोटा वॉल्व्ह, की झालं. वायू परत जळतो. कॅलिफोर्नियाने १९६१ साली हे बंधनकारक केलं आणि १९६३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अमेरिकी मोटारींना ते लागू झालं. अमेरिकेतलं मोटारीच्या प्रदूषणावरचं हे पहिलं सक्तीचं उपकरण. कॅटलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर वगैरे सगळं नंतर. कंपन्यांनी मात्र एवढ्या साध्या गोष्टीतही किती वेळ काढला बघा. १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने त्यांच्यावर खटला भरला, आरोप असा की प्रदूषण रोखणारी उपकरणं बसवायला तुम्ही संगनमताने उशीर केलात. त्याच वर्षी तडजोड करून कंपन्यांनी तो मिटवला.

आपल्याकडे हवेचा कायदा १९८१ चा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. वाहनांसाठी खरी सुरुवात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ पासून झाली, आणि नव्या गाडीने किलोमीटरमागे किती ग्रॅम विष सोडावं याची पहिली मर्यादा १९९१ साली आली. ती ढिली होती. १९९६ मध्ये ती आवळली, आणि त्याच वर्षी आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. २००० साली दुचाकीला किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड २ ग्रॅम आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून २ ग्रॅम अशी मर्यादा पडली. साध्या टू-स्ट्रोकला यात बसणं जवळपास अशक्य. काही टू-स्ट्रोक स्कूटरना कॅटलिटिक कन्व्हर्टर लावून पाहिले गेले, पण तो शेवटचा डाव होता. २००५ मध्ये आकडे १.५ वर, २०१० मध्ये १ वर. तोवर शोरूममध्ये फोर-स्ट्रोकच फोर-स्ट्रोक.

मराठवाड्यात या बदलाला एक घरचा पत्ता आहे: वाळूज. बजाजचा कारखाना तिथे १९८५ मध्ये सुरू झाला. कावासाकीबरोबरची फोर-स्ट्रोक गाडी १९९१ मध्ये आली, पुढे बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना. मंठा, परतूर, जिंतूरकडची कितीतरी पोरं वाळूज एमआयडीसीत कामाला गेली. म्हणजे एकाच घरातला थोरला भाऊ तिथे लाइनवर पार्ट बसवतोय आणि धाकटा मंठ्यात गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तसलाच पार्ट काढून टाकतोय, अशी परिस्थिती काही अगदीच काल्पनिक नाही.

तर, टू-स्ट्रोक गेलं आणि फोर-स्ट्रोकबरोबर ती नळी मंठ्यात आली. एकटी आली नाही. कंपनीने ती एअर फिल्टरच्या डब्यात जोडून पाठवली, डब्याला खाली एक छोटी बुच लावलेली नळी दिली, जिच्यात पाणी-तेलाचं पांढरट मिश्रण साठतं आणि सर्व्हिसिंगच्या वेळी रिकामं करायचं असतं. ही बुच वर्षानुवर्षं कुणी काढत नाही, हा भाग वेगळा.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. लॉस एंजेलिसचं धुकं, दिल्लीतली हवा, त्यावर एम. सी. मेहता यांनी सुप्रीम कोर्टात लढवलेली प्रकरणं, हे सगळं ठीक. मंठ्याचा याच्याशी काय संबंध? आमच्याकडे हवा खराब होते ती फुफाट्याने, पऱ्हाट्या जाळल्याने. मोटारींच्या बाबतीत सरकारनेही असाच विचार केला होता. २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणाची समिती नेमली गेली, तिने पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्यानंतर जो आराखडा आला त्यात चारचाकींसाठी मोठी शहरं आधी आणि बाकीचा देश काही वर्षांनी अशी विभागणी होती. दुचाकींना मात्र असा भेद नव्हता. दिल्लीत विकली जाणारी स्प्लेंडर आणि मंठ्यात विकली जाणारी स्प्लेंडर, दोघींना एकच नियम. मला हे आवडतं. निदान एका बाबतीत तालुक्याच्या गावाला राजधानीइतकीच चांगली गोष्ट त्याच दिवशी मिळाली.

ती गोष्ट तपासली जायची पुण्यात. एआरएआय ही संस्था १९६६ ची, कोथरूडच्या टेकडीवर. पुण्यात शिकलेले तिथे फिरायला गेलेले असतात, टेकडीच्या पोटात काय चालतं ते बहुतेकांना ठाऊक नसतं. तिथे गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या पद्धतीने चालवतात आणि धूर पिशवीत भरून मोजतात. ही ठरलेली पद्धत म्हणजे 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल'. १०८ सेकंदांचा एक फेरा, असे सहा फेरे. सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२ च्या आत. भारतीय शहरातल्या गर्दीचं ते बऱ्यापैकी खरं चित्र होतं. पण वाटूर फाट्यावरून जालन्याकडे निघालेला माणूस ४२ च्या वेगाने जात नाही. म्हणजे आमची गाडी नियमात पास झाली ती आम्ही जशी चालवतच नाही त्या चालीत. भारत स्टेज चारच्या वेळी दुचाकींसाठी जागतिक पद्धतीची चाचणी आली तेव्हा हे काहीसं सुधारलं.

नळीसाठीची चाचणी याहून सरळ असते. क्रँककेसमधून बाहेरच्या हवेत किती वायू सुटावा याची मर्यादा ग्रॅममध्ये नाही. ती शून्य आहे.

ब्रीदरइतकीच हकालपट्टी होणारी दुसरी वस्तू म्हणजे सेकंडरी एअर. इंजिनाच्या बाजूला एक लहान डबी आणि तिच्यातून हेडच्या एक्झॉस्ट पोर्टकडे जाणारी नळी. सायलेन्सरमध्ये वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो, दोन धक्क्यांच्या मध्ये क्षणभर ओढ तयार होते, त्या ओढीने ही डबी ताजी हवा आत सोडते. गरम वायूला ऑक्सिजन मिळाला की उरलेलं इंधन तिथेच जळतं. लक्षात घ्या, हे सगळं एक्झॉस्टच्या बाजूला, शक्ती तयार होऊन गेल्यानंतर घडतं. ही डबी काढल्याने पिकअप वाढतो असं छातीठोक सांगणारे भेटतात. कसा वाढेल? होतं इतकंच की बाजारातला मोकळा सायलेन्सर लावला की रेस सोडताना फटाके वाजतात, ते डबी बंद केल्यावर कमी होतात. काहींना तर फटाकेच हवे असतात, म्हणून ते ती ठेवतात. पोलिसांनी असे सायलेन्सर गोळा करून त्यावर रोड रोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच.

पण माझा मुद्दा डबीचा नाही. ती काढली तर नुकसान हवेचं, मालकाला फरक कळणारही नाही. ब्रीदरची गोष्ट वेगळी आहे, कारण प्रदूषणाच्या सगळ्या भानगडीत मालकाच्याही फायद्याचा असा हा एक भाग आहे. बंद नळी क्रँककेसमधली वाफ आणि आम्ल खेचून नेते, त्याने तेल जास्त टिकतं. मोकळी सोडलेली नळी पिस्टन वर जाताना बाहेरची हवा आत ओढते, आणि आमच्याकडे बाहेरची हवा म्हणजे कापसाच्या हंगामातली धूळ. काही गाड्यांत नळी काढल्यावर डब्यावरचं भोक तसंच राहतं, मग फिल्टर चुकवून धूळ थेट कार्बोरेटरमध्ये. रिंगा अजून झिजतात. अजून वायू खाली उतरतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता ते कळत नाही. फिल्टर ओला होणं हा आजार नव्हता, तो निरोप होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज पाहतो: प्रोग्राम एरर देतोय म्हणून कुणीतरी एरर दाखवणारी ओळच काढून टाकतो. स्क्रीन स्वच्छ, आत गोंधळ चालूच. नळी मोकळी केलेली गाडी पुढे आठवडी बाजारात किंवा ओळखीत विकली जाते. घेणारा एअर फिल्टर उघडून बघतो, कोरडा ठणठणीत. सौदा होतो. दोन महिन्यांनी इंजिन कामाचे पैसे मोजतो तो नवा मालक, जो बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा गरीब असतो.

मिस्तरीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण समोरच्या माणसाकडे इंजिन कामाचे पैसे नसतात, सोयाबीन अजून विकायचं असतं, आणि उद्या पोरीला परीक्षेला जिंतूरला न्यायचं असतं. त्याने 'काहीतरी करा' म्हटल्यावर मिस्तरी काहीतरी करतो. त्याला ही नळी का आहे हे कुणी सांगितलं? कंपन्यांचं प्रशिक्षण अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पोरांना. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला मिळतो तो सुटा भाग, त्यामागचं कारण नव्हे.

कायदा अर्थात कागदावर कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात तपासणी म्हणजे पीयूसी. आणि पीयूसीचा पाइप जातो सायलेन्सरमध्ये. २००० नंतरच्या फोर-स्ट्रोकसाठी कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्के, हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम, गाडी उभी, इंजिन स्लो वर. ज्या वायूसाठी मर्यादा शून्य आहे, तो इंजिनाखालून निघून जातो आणि यंत्र दोन फूट मागे सायलेन्सर हुंगत बसतं.

२०१७ च्या मार्चअखेरीला एक गंमत झाली. २९ मार्चला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिलपासून भारत स्टेज तीनची गाडी विकायची नाही. कंपन्या आणि डीलरांकडे अशा ८ लाखांहून जास्त गाड्या पडून होत्या, त्यातल्या साडेसहा लाखांहून जास्त दुचाकी. दोन दिवसांत हजारो रुपयांची सूट आणि शोरूमबाहेर रांगा. आपल्या भागात आजही फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या त्या दोन दिवसांतल्या आहेत, आणि आता रिंगा जाण्याच्या वयाला आल्या आहेत.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा. हायड्रोकार्बनची मर्यादा किलोमीटरमागे ०.१ ग्रॅम, नायट्रोजन ऑक्साइडची ०.०६. दहा वर्षांपूर्वी दोन्ही मिळून १ ग्रॅम चालत होतं. कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर आला, काहीतरी बिघडलं की मीटरवर पिवळा दिवा लागायला लागला. एप्रिल २०२३ पासून ही नजर आणखी तीक्ष्ण झाली. आता सायलेन्सर बदलला किंवा हवेची वाट बदलली की गाडीचा कॉम्प्युटर गोंधळतो, कधी इंधन जास्त सोडतो, आणि ॲव्हरेज पडतं. जे काम कायद्याच्या धाकाने झालं नाही ते ॲव्हरेजच्या धाकाने होईल असं मला वाटतं. आपल्याकडे गाडीचं ॲव्हरेज पाचाने घसरलं तर माणूस झोपत नाही.

मंठ्यातल्या मिस्तरींनी याची दखल आपल्या पद्धतीने घेतली आहे. काहींनी मोबाइलला जोडायचा स्कॅनर घेतलाय, कोड वाचतात, सेन्सर पुसून दिवा घालवतात. काही नव्या गाडीला हातच लावत नाहीत, "ही जालन्याला न्या" म्हणतात. आणि जुन्या गाड्यांच्या इंजिनाखाली ती नळी लोंबतेच आहे, टोकाला तेलाचा एक थेंब घेऊन.